जुना मोबाईल : ठेवायचा की मोडीत काढायचा?

मृगाच्या तोंडावरची गोष्ट. ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची याचे प्रात्यक्षिक आटोपून मी मोटारसायकलला किक मारणार, एवढ्यात एक आबा लगबगीने आले. धोतराच्या सोग्यातून त्यांनी एक पुडकं काढलं. वर रबर, आत रुमाल, रुमालात मोबाईल. काचेला कोपऱ्यात तडा गेलेला, पाठीचा रंग उडालेला.

“सायेब, पोरगं पुण्यावरून म्हणतं, हा डबा फेकून द्या, पंधरा हजाराचा नवा घेऊन देतो, पण पैसे तुम्ही टाका. तुम्ही शिकलेली माणसं. सांगा आता, फोन घेऊ का पेरू?”

मी हसलो, पण उत्तर पटकन सुचलं नाही. कारण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०२५ मध्ये डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना होती. म्हणजे पंधरा हजारांत अकरा गोण्या येतात. कोरडवाहू माणसाच्या घरात पेरणीच्या आधी पंधरा हजार म्हणजे पुऱ्या हंगामाचा जीव. दुसरीकडे, आज सरकारदरबारचं निम्मं काम मोबाईलवर आलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक चढवण्याचं काम शेतकऱ्याच्या हाती आलं. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. मोबाईल नीट नसेल तर माणूस शेतात असूनही कागदावर नसतो. तेव्हा आबांना घाईत हो किंवा नाही म्हणणं बरोबर नव्हतं. त्यांना दिलेलं सविस्तर उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपण बियाणं कसं पारखतो? शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवड्याने उघडून पाहतो. सत्तर उगवले तर पेरायला योग्य, त्याहून थोडे कमी असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, फारच कमी असतील तर नादी लागायचं नाही. नुसतं ‘मागच्या सालचं आहे’ म्हणून कुणी बियाणं उकिरड्यावर टाकत नाही. मोबाईललाही हाच न्याय लावा.

नमुन्यादाखल एक फोन

नुसतं ‘जुना फोन’ म्हणून कळायचं नाही, म्हणून नमुन्याला एक घेऊ. जानेवारी २०१७ मध्ये शाओमी कंपनीचा रेडमी नोट ४ भारतात आला. त्या वेळी २ जीबी रॅमचा फोन ९,९९९ रुपयांना, ३ जीबीचा १०,९९९ आणि ४ जीबीचा १२,९९९ रुपयांना होता. साडेपाच इंची पडदा, ४,१०० एमएएचची बॅटरी, १३ मेगापिक्सेलचा कॅमेरा, धातूची पाठ, मागे बोटाच्या ठशाचं कुलूप, इअरफोनचं गोल भोक आणि एफएम रेडिओ. खेडोपाडी हा फोन आणि याच्या जातकुळीचे इतर कंपन्यांचे फोन खूप खपले. अजूनही कुणाच्या देव्हाऱ्याशेजारी, कुणाच्या ट्रॅक्टरच्या पेटीत ते सापडतात. या वयाच्या फोनांचं बरं-वाईट थोड्याफार फरकाने सारखंच आहे.

जमेच्या बाजू

पहिली गोष्ट, बोलणं आणि ओटीपी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि 4जी वरून बोलण्याचा जमाना आला. त्या नेटवर्कवर नुसता 4जी फोन असून भागत नाही, 4जी वरून आवाज नेण्याची सोयही त्यात लागते. २०१७ च्या या फोनात ती सोय आहे. नवे मनोरे 5जी चे झाले म्हणून तुमचा 4जी फोन मुका होत नाही. फोन येतो, संदेश येतो, ओटीपी येतो. शेतकऱ्याच्या कामाचा निम्मा भाग इथेच संपला. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक तर साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो.

दुसरी गोष्ट, कॅमेरा. दुकानदार ५० आणि १०८ मेगापिक्सेलच्या गोष्टी सांगतो. शेतीला तेवढं लागत नाही. माझी एक कसोटी आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आधी कर्नाटकात आणि मग आपल्या राज्यात दिसली. तिची ओळख अशी, की डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी पांढुरकी खूण आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. तुमच्या फोनने काढलेल्या फोटोत ती खूण आणि ते चार ठिपके दिसतात ना? मग तो कॅमेरा शेतीला पुरेसा आहे. १३ मेगापिक्सेलमध्ये ते दिसतात, फक्त भिंग पुसलेलं पाहिजे. आम्हाला फोटो पाठवताना अख्खं रान एका फोटोत, एक झाड दुसऱ्यात आणि पानाची खालची बाजू किंवा अळी तिसऱ्यात, असे तीन फोटो पाठवा. भर उन्हात नको, आपल्या सावलीत पान धरून काढा. दहा हजाराच्या फोनवरचा नीट फोटो पन्नास हजाराच्या फोनवरच्या हललेल्या फोटोपेक्षा आम्हाला जास्त सांगतो.

तिसरी गोष्ट, एफएम रेडिओ. बऱ्याच नव्या फोनांतून तो गेला. जुन्या फोनात इअरफोन खोचला की त्याची तार अँटेनाचं काम करते आणि नेट नसताना, पैसे न जाता बातम्या व हवामान ऐकू येतं. आपल्या भागात एफएमचं केंद्र येत असेल तर पावसापाण्याच्या दिवसांत ही मोठी सोय आहे.

चौथी गोष्ट, मनाची. नवा फोन माणूस शेतात न्यायला भितो. जुना फोन खिशात असला की माणूस मोकळेपणाने हिंडतो. जुळलेला बैल जसा हाक न मारता तासाला लागतो, तसा हाताला सवयीचा फोन असतो. कुठे काय दाबायचं हे आबांना न बघता कळतं. वय झालेल्या माणसाला नवा फोन म्हणजे पुन्हा बाराखडी.

उणिवा

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर मी तुमचा सल्लागार कसला?

सगळ्यात मोठी उणीव बाहेरून दिसत नाही. फोन चालवणारी जी आतली व्यवस्था असते, जिला अँड्रॉइड म्हणतात, तिला क्रमांक असतात. रेडमी नोट ४ अँड्रॉइड ६ घेऊन आला, पुढे कंपनीने ७ दिलं आणि तिथे गाडी थांबली. गूगलनेही अँड्रॉइड ७ साठी सुरक्षेची डागडुजी २०१९ मध्ये बंद केली. म्हणजे चोराने नवी किल्ली बनवली तरी या घराचं कुलूप बदलून मिळणार नाही. म्हणून बँकेची काही ॲप अशा फोनवर उघडायलाच नकार देतात, तर काही सरकारी ॲप ‘तुमच्या फोनला हे चालत नाही’ असं सांगतात. यात तुमची चूक नसते आणि दुकानदाराला ते दुरुस्तही करता येत नाही.

कधी कधी एखादं संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असा लाल इशारा देतं. विश्वासाच्या संकेतस्थळांना ओळखण्याची एक यादी फोनच्या पोटात असते आणि जुन्या फोनातली यादी शिळी झालेली असते. पण आधी फोनची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरली की काही फोनांची तारीख मागे जाते आणि तेवढ्यानेही हाच इशारा येतो. तारीख नीट केली की काम होतं. हा फुकटचा उपाय न करता लोक नव्या फोनच्या दुकानात जातात.

दुसरी उणीव चेहऱ्याच्या केवायसीची. पीएम किसानची केवायसी तीन प्रकारे होते. ओटीपीने, सेवा केंद्रात बोटाच्या ठशाने आणि जून २०२३ पासून ॲपमध्ये चेहरा दाखवून. चेहऱ्याची पद्धत जुन्या अँड्रॉइडवर आणि कमी रॅमवर अडते. तिथे हटून बसू नका, ओटीपीने करा किंवा सेवा केंद्र गाठा. आणखी एक गैरसमज काढून टाका. फोनच्या पाठीवर बोट टेकवायची जी जागा असते ती फक्त कुलूप उघडण्याची. तिच्यावर आधारची ठसा-तपासणी होत नाही. त्याला सेवा केंद्रातलं वेगळं, नोंदलेलं यंत्रच लागतं.

तिसरी उणीव जागेची. ३२ जीबी ऐकायला पुष्कळ वाटतं, पण त्यातला बराच भाग फोनची आतली व्यवस्थाच खाते. उरलेली जागा सुप्रभातच्या फुलांनी आणि नातेवाइकांच्या लग्नाच्या चित्रफितींनी भरते. त्यातून या फोनात दुसऱ्या खणात एक तर दुसरं सिम बसतं नाही तर मेमरी कार्ड. दोन्ही एकदम नाही. आधारला जोडलेलं एक सिम आणि स्वस्त नेटचं दुसरं सिम घातलं की कार्डाला जागा उरत नाही. शेत आणि भाचा, दोघांना एकच गाडी द्यायची म्हटल्यासारखं होतं.

चौथी उणीव बॅटरीची. लिथियमची बॅटरी वापराने थकते आणि उष्णतेने लवकर थकते. मोटारपंपाच्या पेटीवर उन्हात ठेवलेला, उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन दोन वर्षांत म्हातारा होतो. बॅटरी थकली तर बदलता येते. पण फुगली, पाठ उचलली गेली, पडदा वर आला, तर तो फोन त्या क्षणापासून वापरू नका, चार्जिंगला लावू नका, सुईने टोचू नका. ती पेट घेते. घरात कडबा असतो, लेकरं असतात, हे ध्यानात ठेवा.

पाचवी उणीव जागा दाखवण्याची, म्हणजे जीपीएसची. फोन आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा ठरवतो. नेट असेल तर उपग्रहांची माहिती नेटवरून चटकन मिळते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच थेंबाथेंबाने घ्यावी लागते आणि पूर्ण यादी उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून बरेच दिवस बंद असलेला फोन शिवारात काढला की ‘मी शेतात उभा आहे तरी हा दुसऱ्याच गटात दाखवतो’ अशी तक्रार होते. मोकळ्या रानात, आभाळ दिसेल असं उभं राहा, पाच-दहा मिनिटं थांबा, मगच पीक पाहणीचा फोटो काढा. उसात किंवा आंब्याखाली उभे राहू नका.

तरीही साध्या फोनात पाच-दहा मीटरचा फरक राहतोच. आता हिशोब करा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दहा मीटरचा चौकोन. वाटण्या होऊन ज्यांच्या वाट्याला दोन गुंठे रुंदीचा पट्टा आला आहे, त्यांच्यासाठी दहा मीटरची चूक म्हणजे अर्धा पट्टा शेजाऱ्याच्या रानात. म्हणून हात जोडून सांगतो, बांधाची भांडणं मोबाईलच्या नकाशावर सोडवू नका. फोन नवा असो की जुना, मोजणी ती भूमी अभिलेखाचीच.

माझ्याकडून झालेली चूक

दुसऱ्याला सांगतो आहे, तर स्वतःचंही सांगतो. सप्टेंबर २०२१ च्या शेवटी गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाड्याला झोडपलं. सोयाबीन काढून लावलेल्या गंज्या पाण्यात तरंगत होत्या, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. तलाठी, ग्रामसेवक आणि मी असे आम्ही तिघं पंचनाम्याला गावोगाव फिरत होतो. माझ्याजवळ चार-पाच वर्षं वापरलेला फोन. आधीच जागा भरल्याचा इशारा देत होता, बॅटरी दुपारीच उतरायची. “चालतंय की अजून” असं म्हणत मी दिवस काढत होतो. एका दिवसात चौदा शेतांचे फोटो काढले आणि संध्याकाळी ओढा ओलांडताना फोन भिजला. तो पुन्हा सुरू झालाच नाही. फोटो दुसरीकडे कुठेच ठेवलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी उसनवारीचा फोन घेऊन पुन्हा गेलो. एका शेतात गेलो तर पाणी ओसरलेलं, काळी माती वर आलेली, वर ऊन पडलेलं. शेतमालकीण बांधावर बसली होती. म्हणाली, “दादा, पाणी होतं तवा फोटो काढला. आता कशाचा काढता?” मला वर बघवेना. कागदावरची नोंद जागेवरच झाली होती, सह्या होत्या, म्हणून पंचनामा तरला. नाही तर माझ्या कंटाळ्याची किंमत तिने मोजली असती. त्या वेळच्या विमा योजनेत नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची होती. पुढे २०२५ च्या खरिपात राज्यातले विम्याचे नियम बदलले, पण त्या दिवसांत तासाला किंमत होती आणि कितीतरी घरांत नेमके तेव्हाच फोन बंद पडले होते.

त्या दिवसापासून मी दोन नियम पाळतो. शेतात काढलेला फोटो त्याच संध्याकाळी दुसऱ्या जागी पाठवायचा, आणि खिशात वही-पेन ठेवायचं. फोन जुना असणं हा गुन्हा नाही. तो जुना आहे हे माहीत असून तयारी न ठेवणं ही चूक. ती माझी होती.

घरच्या घरी तपासणी

आता फोनची उगवणक्षमता तपासू. पोराला किंवा नातीला जवळ बसवा आणि एका दुपारी या सहा गोष्टी बघा.

१. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ उघडून अँड्रॉइडचा क्रमांक आणि रॅम वाचा. क्रमांक १० च्या वर असेल तर निर्धास्त राहा. ७ ते ९ असेल तर सांभाळून. ६ किंवा खाली असेल तर फक्त बोलण्यापुरता आणि फोटोपुरता धरा.

२. सकाळी पूर्ण चार्ज करून नेहमीसारखा वापरा. संध्याकाळच्या दिवेलागणीला किती टक्के उरले? वीसच्या वर असेल तर बॅटरी ठीक. दुपारीच उतरत असेल, किंवा तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी बदला.

३. फोन सपाट फरशीवर ठेवा. डुगडुगला, पाठ फुगीर वाटली, तर तपासणी तिथेच थांबवा.

४. अंगणात नकाशा उघडा. निळा ठिपका तुमच्या घरावर येतो का आणि किती वेळात येतो, बघा.

५. पिकाच्या पानाच्या खालच्या बाजूचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. शिरा स्पष्ट दिसल्या पाहिजेत.

६. तुमच्या कामाची तीन ॲप ठरवा. बहुतेकांना पीक पाहणी, पीएम किसान आणि विजेचा इशारा देणारं दामिनी एवढी पुरतात. दामिनी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलं आहे आणि वीज पडण्याचा धोका आधी कळवतं. ही तिन्ही ॲप अधिकृत दुकानातून उतरतात का, उघडतात का, ते बघा.

सहापैकी पाच गोष्टी जमल्या तर फोन ठेवा. बॅटरी आणि जागा एवढंच दुखणं असेल तर दुरुस्त करा. बॅटरी चांगल्या कारागिराकडून बदला, व्हॉट्सॲपमधली चित्रं आपोआप उतरणं बंद करा, बिनकामाची ॲप काढा. पण पहिली आणि सहावी गोष्ट दोन्ही नापास असतील आणि घरात दुसरा कुणाचाच बरा फोन नसेल, तर मात्र जुन्यावर खर्च करू नका. गळक्या मोटेने विहीर उपसून पाट भरत नाही.

एक गोष्ट विसरू नका. घरात एक जरी बरा फोन असेल तर प्रत्येकाला नवा लागत नाही. पीक पाहणी एका फोनवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची करता येते. मुदतीत राहून गेलेली नोंद गावासाठी नेमलेल्या सहायकामार्फत होते, त्याचं नाव तलाठी कार्यालयात विचारून ठेवा. पण दुसऱ्याच्या भरवशावर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. सातबारा तुमचा आहे.

जुन्या फोनवर काय करू नये

ज्या फोनची सुरक्षा शिळी झाली त्यावर पैशाचे व्यवहार ठेवू नका. बँकेचं आणि पैसे पाठवण्याचं ॲप घरातल्या नव्या फोनवर ठेवा, जुन्यावर ओटीपीचं सिमही शक्यतो वेगळं ठेवा. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसानचा हप्ता अडकला, हे ॲप उतरवा’ किंवा ‘वाहनाचा दंड भरा’ अशा नावाने फाईल येतात. एपीके असं शेपूट असलेली फाईल कुणीही पाठवली, अगदी गावच्या गटावर ओळखीच्या माणसाकडून आली, तरी उघडू नका. त्या माणसाचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजू नका, त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर तितका पैसा हातचा जातो.

फवारणी करताना फोन खिशात नको आणि औषधाच्या हाताने तर मुळीच नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तो धडा विसरण्यासारखा नाही. औषध लागलेला हात फोनला आणि तोच फोन गालाला लागतो. फोन बांधावर, डब्यात, सावलीत ठेवा. फोन भिजला तर चार्जिंगला लावून बघण्याचा मोह आवरा. आधी बंद करा, सिम काढा, पुसा, वाळू द्या, मग कारागिराकडे न्या.

वापरलेला घेताना, आपला देताना

नवा परवडत नाही म्हणून काही जण आठवडी बाजारात वापरलेला फोन घेतात. बैल घेताना दात बघता, तसं इथे आयएमईआय बघा. *#०६# दाबलं की पंधरा अंक दिसतात. केवायएम असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून ते पंधरा अंक १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा किंवा बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. बिल मागा. विकणाऱ्याने आपलं गूगल खातं फोनातून तुमच्यासमोर काढलं पाहिजे, नाही तर पुढे फोन पुसला की तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो आणि तुमच्या हातात वीट उरते.

आपला फोन देतानाही हेच. फोटो दुसरीकडे घ्या, पैशाची ॲप बंद करा, खातं काढा, सिम आणि कार्ड काढा, मग सगळा फोन पुसून द्या. नंबर बदलणार असाल तर आधी आधारला नवा नंबर जोडा. नंबर आधी बंद केला आणि ओटीपी तिकडेच जात राहिला, म्हणून योजनेतून अडकलेली माणसं मी दर हंगामात बघतो.

गावच्या कर्मचारी मंडळींना

सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, माझे कृषी खात्यातले सहकारी, आपल्याशीही दोन शब्द. आमच्या पदांची नावं आता बदलली, पण गावासाठी आपण तेच आहोत. ‘ॲपवर करा’ एवढं सांगून आपलं काम संपत नाही. ज्याच्या हातात आठ वर्षांचा फोन आहे त्याला ‘तुमचा फोन चालत नाही’ असं ऐकवणं म्हणजे त्याला रांगेबाहेर काढणं. पीक पाहणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीत एक बरा फोन आणि एक शिकलेलं पोरगं आठवड्यातून दोन दिवस बसवलं, तरी निम्मं गाव सुटतं. आणि आपल्या स्वतःच्या फोनातले पंचनाम्याचे फोटो रोज दुसऱ्या जागी ठेवा. ते फोटो आपले नसतात. ज्याचं रान गेलं त्याचे असतात.

आबांचं काय झालं

आबांचा फोन आम्ही लिंबाखालीच तपासला. बॅटरी दुपारी उतरत होती, जागा पूर्ण भरलेली, पण कॅमेरा छान, निळा ठिपका सात मिनिटांत त्यांच्या वाड्यावर आला. अँड्रॉइड मात्र ७. मी सांगितलं, बॅटरी बदला, चित्रं पुसा, पीएम किसानची केवायसी सेवा केंद्रात ठशाने करा, आणि पैशाचं ॲप सुनेच्या फोनवर ठेवा. फुगवटा आला किंवा पीक पाहणीचं ॲप चालेनासं झालं, तर मग नवा. आणि तोही सोयाबीन विकल्यावर, पेरणीच्या आधी नाही.

आबांनी फोन पुन्हा रुमालात बांधला, रबर चढवलं. “म्हणजे पेरतो,” म्हणाले.

पुढे भाद्रपदात त्यांच्या रानात गेलो तेव्हा सोयाबीन शेंगांनी भरलेलं होतं. आबा बांधावर आभाळाकडे तोंड करून, फोन छातीशी धरून गप उभे. म्हटलं, “काय चाललंय?” म्हणाले, “तुम्हीच म्हणला नव्हता का, धा मिनिटं थांबा म्हणून. थांबलोय.”

तुमचा फोनही एकदा असाच तपासून बघा. आणि काही अडलं तर गावात आमचा वार ठरलेला असतो, त्या दिवशी फोन घेऊन या. चार्ज करून आणा म्हणजे झालं.